लिफ्ट केलेल्या जिम्नीला मोठे टायर आणि स्पेसर : शेतावरच्या कामाच्या नोंदी

रविवार, 1 जून 2025

मे महिन्यात अवेळी झालेल्या पावसाने शेतातली वाट मोडली आणि गाडी ओढ्याच्या अलीकडे दोनदा रुतली, म्हणून हे काम आता हाती घेतो आहे. गाडी मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी आहे. मार्चमध्ये चारही स्प्रिंगा बदलून ती 50 मिमी उचलून घेतली होती आणि तेवढ्याने भागेल असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला. जिम्नीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आहेत, त्यामुळे स्प्रिंग उंच केल्याने बॉडी आणि चासी वर जाते, पण डिफरेन्शियलची गोळी (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या दातेरी चाकांचे गोल घर) जमिनीपासून होती तेवढ्याच उंचीवर राहते. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर घासते ती हीच गोळी, आणि तिला वर न्यायचे असेल तर टायरची त्रिज्या वाढवण्याखेरीज दुसरा सोपा मार्ग नाही.

मूळ टायर 195/80 आर 15 आहेत (रुंदी 195 मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 15 इंची), म्हणजे व्यास 693 मिमी. 215/75 घेतले तर व्यास 703.5 होतो आणि गोळी जेमतेम 5 मिमी वर जाते. एवढ्यासाठी पाच टायरांचा खर्च करण्यात अर्थ नाही. 235/75 आर 15 चा व्यास 733.5 मिमी भरतो आणि गोळी 20 मिमी वर येते. काळ्या रानात 20 मिमी म्हणजे अर्ध्या फाळाइतका चिखल, आणि गाडी निघणार की ट्रॅक्टर बोलवावा लागणार याचा निकाल तेवढ्यावर लागतो. 235/75 घ्यायचे ठरवले.

मंगळवार, 3 जून

कायद्याची बाजू आधीच लिहून ठेवतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीची मूळ रचना निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात हीच भूमिका स्पष्टपणे मांडली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विम्याचा दावा नाकारला जाण्याचा धोका वेगळाच.

त्यामुळे माझा निर्णय असा आहे की ही गाडी यापुढे मंद्रूपच्या पुढच्या आमच्या शेतावरच राहील आणि भावकीच्या मिळून साठेक एकरांच्या हद्दीतच चालेल. सोलापूर ते शेत ये-जा मी मोटारसायकलने करीन. टायर, रिमा आणि इतर सामान छोट्या हत्तीतून शेतावर नेईन आणि जोडणी तिथल्या शेडमध्येच करीन.

रविवार, 8 जून

टायर घ्यायला अक्कलकोट रोडला गेलो आणि पहिलाच अडथळा अनपेक्षित ठिकाणी आला. मूळ रिम साडेपाच इंच रुंदीची आहे. दुकानातले काका टायर दाखवण्याआधी म्हणाले, “साहेब, रिम कुठली लावणार ते आधी सांगा. दोनशे पस्तीसला सहाच्या खालची रिम चालत नाही.” त्यांनी तक्ता काढून दाखवला. 235/75 आर 15 साठी मान्य रिम 6 ते 8 इंच आहे. अरुंद रिमवर टायरच्या भिंती आत ओढल्या जातात, मधला पट्टा फुगतो आणि चिखलासाठी हवा कमी केली की टायर रिमवरून निसटण्याची भीती वाढते. मी हवा कमी करूनच चालवणार असल्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी निर्णायक होता.

साडेसहा इंची लोखंडी रिमा घेतल्या, पाच नग. पाच भोके 139.7 मिमीच्या वर्तुळावर, बोअर म्हणजे मधले मोठे भोक 108 मिमी, ऑफसेट अधिक 10. टायर मड टेरेन जातीचे घेतले. ऑल टेरेनच्या बारीक खाचा आमच्या मातीत पन्नास पावलांत लिंपून जातात आणि मग टायर गुळगुळीत रोलरसारखा फिरत राहतो. मोठ्या ठोकळ्यांच्या मधली माती निदान चाक जोरात फिरवल्यावर उडून तरी जाते.

शेतावर कांद्याच्या काट्यावर वजन केले. मूळ चाक 17.5 किलो, नवे 27 किलो. प्रत्येक चाकामागे साडेनऊ किलो वाढले आणि ते सगळे स्प्रिंगच्या खालच्या बाजूचे आहे. मागच्या दारावरच्या स्टेपनीलाही हेच लागू होते. दाराच्या बिजागऱ्या एवढे वजन किती दिवस सोसतील याची मला काळजी आहे.

मंगळवार, 10 जून

स्पेसर लागणार का, आणि लागला तर किती जाडीचा, हे आज कागदावर मांडले. स्पेसर म्हणजे हब (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि रिम यांच्यामध्ये बसणारी धातूची जाड चकती. ती आतल्या नटांनी हबच्या मूळ स्टडवर (आट्यांच्या दांड्यांवर) आवळायची आणि चाक तिच्या स्वतःच्या बाहेरच्या स्टडवर लावायचे. मूळ रिमचा ऑफसेट अधिक 5 आहे, म्हणजे चाकाची मध्यरेषा हबच्या तोंडापासून 5 मिमी आत येते. टायरची अर्धी रुंदी 97.5. दोन्ही मिळून टायरची आतली भिंत हबच्या तोंडापासून 102.5 मिमी आत असते. नव्या चाकात 10 अधिक 117.5, म्हणजे 127.5. टायर 25 मिमी जास्त आत घुसतो, आणि पुढच्या चाकामागे नेमका त्या जागेतून अ‍ॅक्सलला धरून ठेवणारा आर्म जातो. 25 मिमीचा स्पेसर टाकला की आतली भिंत पुन्हा 102.5 वर येते, म्हणजे आर्म आणि टायर यांच्यामधले अंतर कारखान्याने ठेवले होते तेवढेच राहते.

रुंद दिसण्यासाठी 38 आणि 50 मिमीचे स्पेसर लावलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. चाक जितके बाहेर जाईल तितका बेअरिंगवरचा तरफेचा भार वाढतो, खड्ड्यातला धक्का स्टिअरिंगला जास्त जोराने येतो आणि किंगपिनची (चाक ज्यावर वळते त्या खुंट्याची) झीज लवकर होते. आर्मपासून टायर सुटण्यापुरती जाडी असावी, त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर बेअरिंगच्या आयुष्यातून वजा होतो, असे माझे ठाम मत आहे.

शनिवार, 14 जून

पहिला स्पेसर संच आला. तो परत पाठवावा लागला, पण नेमके काय झाले ते सविस्तर लिहितो, कारण माझ्या थोड्या घाईने स्टड खराब झाला असता.

स्पेसर दिसायला चांगला होता, काळ्या रंगाचा आणि कडा गोलावलेला. हबवर बसवला तेव्हा तो किंचित हलला. व्हर्नियरने मोजले तर स्पेसरचा बोअर 110.3 मिमी निघाला. हबचा गोल खांदा 108 चा आहे, म्हणजे सगळीकडून मिळून 2.3 मिमी मोकळीक. अशा स्पेसरला हब मध्यावर धरत नाही, त्याला फक्त नटांचे तिरके तोंड मध्यावर आणते, आणि एखादा नट आधी घट्ट झाला की चाक तेवढे एका बाजूला सरकते.

त्याहून गंभीर गोष्ट बाहेरच्या स्टडची होती. गाडीचा मूळ नट त्यावर हाताने दोन फेरे गेला आणि अडला. नव्या स्टडला किंचित खरखर असते, पाना लावला की नट पुढे सरकेल, असे वाटून मी पाना उचलला होता. मग आट्यांचे गेज लावून पाहिले. सुझुकीचे आटे 12 मिमी व्यासाला सव्वा मिमी अंतराचे असतात आणि स्पेसरवरचे स्टड दीड मिमीचे होते. फरक पाव मिमीचा, डोळ्याला न दिसणारा. पाना लावला असता तर नट गेला असता, पण आटे सोलूनच, आणि घट्ट बसल्याचा भास देऊन तो पुढे कधीतरी सुटला असता. जिम्नीसाठीचा संच म्हणून विकणाऱ्याने आट्यांचे माप तपासले नव्हते. त्याने माल परत घेतला, एवढे मान्य केले पाहिजे.

तेव्हापासून एक पद्धत ठरवली आहे. कोणताही नट आधी फक्त बोटांनी शेवटपर्यंत फिरवायचा आणि फेरे मोजायचे. 12 मिमीच्या स्टडवर निदान 12 मिमी पकड हवी, म्हणजे सव्वाच्या आट्यांना जवळपास दहा फेरे. तेवढे भरले नाहीत तर काम तिथेच थांबवायचे.

रविवार, 22 जून

दुसरा संच मागवण्याआधी लेथवाल्या काकांकडे गेलो. यंत्रमागाचे सुटे भाग करण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली आहेत, आणि माग कमी झाल्यापासून ते मिळेल ते काम करतात. त्यांच्याकडून 25 मिमी जाडीची नायलॉनची चकती कातून घेतली, पाच भोके पाडून आणि 108 चा बोअर ठेवून. नायलॉनवर गाडी चालवायची नव्हती, फक्त जागा तपासायची होती.

काकाच म्हणाले, “नुसतं बसवून बघू नका, शेंदूर लावून बघा.” ते स्वतः शेतावर आले. शेंदूर तेलात कालवून त्यांनी चकतीच्या बाहेरच्या तोंडावर आणि तिच्या भोकांतून डोकावणाऱ्या मूळ स्टडच्या टोकांवर पातळ थर दिला, आम्ही दोघांनी रिम सरळ धरून टेकवली, दाबली आणि काढली. रिमच्या पाठीवर सलग लाल कडे उमटायला हवे होते. उमटले ते लाल रंगाचे पाच ठिपके आणि एका बाजूला नखाएवढी पुसट चंद्रकोर.

मूळ स्टड हबच्या तोंडापासून 27.4 मिमी बाहेर येतात, हे नंतर मोजले. 25 च्या स्पेसरमधून ते 2.4 मिमी डोकावतात. कंपनीच्या अ‍ॅलॉय रिमच्या पाठीला भोकांच्या मध्ये खोलगट खण असतात, त्यात ही टोके लपली असती. माझ्या लोखंडी रिमला तसे खण नाहीत. म्हणजे चाक स्पेसरच्या तोंडावर न बसता पाच टोकांवर उभे राहिले असते, टॉर्क रेंचने (ठरवलेला जोर भरला की टिचकी देणाऱ्या पान्याने) प्रामाणिकपणे 100 न्यूटन-मीटरला टिचकी दिली असती आणि पहिल्या खड्ड्यात सगळे ढिले झाले असते. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते.

स्टड 3 मिमी घासून टाका, असा सल्ला मला दोघांनी दिला. मी तो मानला नाही. स्टड आखूड केले की मूळ चाक पुन्हा लावताना नटाची पकड कमी पडते, आणि ही गाडी केव्हाही मूळ अवस्थेत परत नेता आली पाहिजे ही माझी अट आहे. उरला एकच मार्ग, 30 मिमीचा स्पेसर. आर्मच्या हिशोबाने 25 पुरेसे होते. जाडी ठरवली ती स्टडच्या लांबीने, आणि वरचे 5 मिमी मला नाइलाजाने घ्यावे लागले.

रविवार, 29 जून

स्पेसर यायचा असल्यामुळे चाकाच्या वरच्या जागेचे काम केले. स्प्रिंग उंच केल्याने गाडी उभी असताना मडगार्डखाली भरपूर जागा दिसते, पण चाक पूर्ण वर दाबले गेले की ते बंप स्टॉपला (चाकाची वरची चाल अडवणाऱ्या ठोकळ्याला) टेकेपर्यंत जाते, आणि बंप स्टॉप मूळ जागीच आहे. म्हणजे पूर्ण दाबलेल्या अवस्थेत लिफ्टचा काहीच उपयोग नाही, आणि त्रिज्या 20 मिमीने वाढलेला टायर मडगार्डच्या तेवढाच जवळ जातो. चारही बंप स्टॉपखाली 25 मिमीचे ठोकळे दिले.

ओळंबाही सोडला. मडगार्डच्या कडेपासून दोरा खाली सोडून दोन्ही बाजूंना टायरपर्यंतचे अंतर मोजले, तर पुढचा अ‍ॅक्सल एका अंगाला 7 मिमी सरकलेला निघाला. लॅटरल रॉड, म्हणजे चासी आणि चाकांचा दांडा यांना आडवा जोडणारा गज, तिरका बसतो, गाडी उचलली की त्याचा कोन बदलतो आणि तो अ‍ॅक्सलला बाजूला ओढतो. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड बसवून अ‍ॅक्सल मध्यावर आणला. हे आधी केले नसते तर टायर एकाच बाजूला घासला असता आणि मी दोष स्पेसरला दिला असता.

रविवार, 6 जुलै

आज आषाढी. काका पंढरपूरला गेले आहेत. नवा 30 मिमीचा संच काल हातात आला. बोअर 108.1, आटे सव्वाचे, बाहेरच्या अंगाला रिम धरणारा खांदा आहे. बोटांनी दहा फेरे भरले. जोडणी काका आल्यावर.

शनिवार, 12 जुलै

जोडणी झाली. जवळजवळ सारा दिवस गेला, आणि त्यातला मोठा भाग सफाईला लागला. हबच्या तोंडावर गंज आणि वाळलेल्या काळ्या मातीचा मिळून एक पापुद्रा असतो. तो वायर ब्रशने काढला, मग बारीक पॉलिश पेपर फिरवला, मग कोरडे फडके. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावले नाही. तेल लावल्याने त्याच टॉर्कला स्टडवर फार जास्त ताण येतो आणि तो लांबतो.

आतले नट चांदणीच्या क्रमाने आधी 40, मग 70, मग 100 न्यूटन-मीटरवर आवळले. त्यानंतर पुन्हा शेंदराची चाचणी घेतली. या वेळी रिमच्या पाठीवर पूर्ण लाल कडे उमटले. काकांनी त्यावरून बोट फिरवले आणि काही न बोलता फडक्याला हात पुसले. दोन्ही तोंडांवरचा शेंदूर पेट्रोलने स्वच्छ धुऊनच चाक चढवले, कारण तेलाचा थर मध्ये राहिला तर जोड घसरतो. डायल गेजने स्पेसरच्या तोंडाची डगमग पाहिली, चारही ठिकाणी 0.1 मिमीच्या आत आली. बाहेरच्या नटांवर आणि त्याखालच्या रिमवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

रविवार, 13 जुलै

घासण्याची तपासणी. डाव्या पुढच्या चाकाखाली लाकडी ओंडक्यांची चळत रचून ते पूर्ण वर नेले, उजवे खाली लोंबते ठेवले आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. भाचा चाकाजवळ बसून बॅटरीच्या उजेडात पाहत होता. आर्मपासून टायर सुटला होता, मोकळीक छान होती. पण दुसरीकडे नवे दुखणे निघाले. चाक बाहेर गेले की वळताना त्याची पुढची कड मोठ्या वर्तुळातून फिरते, आणि ती बंपरच्या मागच्या कोपऱ्याला लागली. “मामा, हितं टेकतंय बघा,” असे म्हणून त्याने खडूने खूण केली. आतले घासणे जितके मिटवावे तितके बाहेरचे वाढते, म्हणून त्या नाइलाजाच्या 5 मिमीबद्दल मला अजूनही वाईट वाटते. बंपरचा प्लॅस्टिकचा कोपरा 22 मिमी कापला, आतले लायनर गरम हवेने मागे दाबून दोन स्क्रूंनी धरले. दुसऱ्या बाजूलाही तसेच केले.

टायरची बाहेरची भिंत आता मुळापेक्षा 45 मिमी बाहेर आहे. चिखल थेट दारांवर उडतो. साखर कारखान्याच्या जुन्या कन्व्हेयर पट्ट्याच्या भंगारातून पट्ट्या कापून मडगार्डच्या कडेला लावल्या.

रविवार, 20 जुलै

शेतात 50 किमी भरले. चारही चाके काढून आतले नट तपासले. स्पेसरची खरी अडचण हीच आहे की जे नट त्याला हबशी धरतात ते चाकामागे दडलेले असतात आणि बाहेरची पांढरी रेघ त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही. चाक काढल्याशिवाय तपासणी झाली असे म्हणता येत नाही.

तीन चाकांवर रेंचने लगेच टिचकी दिली. उजव्या मागच्या चाकावर दोन नट टिचकीआधी जवळपास एक अष्टमांश फेरा फिरले. स्पेसर उतरवून पाहिला. ड्रमच्या तोंडावर, खांद्याच्या अगदी मुळाशी, गंजाचा तांदळाच्या दाण्याएवढा खवला राहिला होता, त्याखालची धातू चकचकीत झाली होती आणि समोर स्पेसरवर तसाच ठसा होता. खवला चिरडला गेला तेवढा जोड ढिला झाला. चूक माझ्या सफाईची होती. त्या कोपऱ्यात वायर ब्रश पोचत नाही, म्हणून मोडक्या करवतीचे पाते घासून खरवडणी केली आणि चारही हब त्याने पुन्हा साफ केले.

रविवार, 3 ऑगस्ट

आणखी 60 किमी. वीसही आतल्या नटांनी जागच्या जागी टिचकी दिली.

स्पीडोमीटरही पडताळला. परीघ 5.8 टक्क्यांनी वाढल्यामुळे काटा 40 दाखवतो तेव्हा चाक त्याच प्रमाणात जास्त अंतर कापते. शेतात याने काही बिघडत नाही, पण 50 आणि 60 किमीच्या ज्या नोंदी मी करतो आहे त्या काट्यावरच्या आहेत, प्रत्यक्ष अंतर 53 आणि 63.5 च्या आसपास आहे. इंजिनाची ओढ तेवढ्याच प्रमाणात घटली आहे, आणि ओलसर रानात पूर्वी जिथे हाय रेंजमधला दुसरा गिअर चालत असे तिथे आता लो रेंज घ्यावी लागते.

रविवार, 17 ऑगस्ट

रात्री चांगला पाऊस झाला. सकाळी हवा 18 पीएसआयवर आणून मेमध्ये गाडी रुतली होती त्याच वाटेने गेलो, मागे ठिबकच्या नळ्यांची चार बंडले होती. लो रेंज, दुसरा गिअर, पाय न उचलता. मधल्या उंचवट्यावर गोळीचा खरडल्याचा आवाज एकदाच आला, तोही ओढ्याच्या उतारावर. पलीकडे उतरून मागे पाहिले तेव्हा चाकोरीच्या मधल्या गवतावर गोळीने ओढलेली रेघ हातभर लांबीची होती. मेमध्ये ती वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती.

परत आल्यावर चाके धुतली. स्पेसर आणि रिम यांच्या सांध्यात माती अडकते आणि वाळली की सिमेंटसारखी होते, तेव्हा त्याच दिवशी पाण्याचा जोरदार फवारा मारणे आवश्यक आहे.

रविवार, 31 ऑगस्ट

आतले नट तपासले, हलले नाहीत. पुढची चाके वर-खाली धरून हलवली, बेअरिंगला ढिलाई नाही. उजव्या किंगपिनला अगदी सूक्ष्म ढिलाई जाणवते. ती आधीपासून होती का हे आता ठरवता येत नाही, कारण काम सुरू करण्याआधी मी ती मोजून ठेवली नव्हती. आज डायल गेज लावून आकडा लिहून ठेवला आहे: 0.08 मिमी.

मागच्या दाराची बिजागरी अपेक्षेप्रमाणे खाली आली आहे. दार मिटताना कुलपाची जीभ 3 मिमी खाली लागते. स्टेपनी दारावरून काढून सध्या मागच्या जागेत पट्ट्यांनी बांधली आहे. तिच्यासाठी चासीला जोडलेला वेगळा दांडा करायचा आहे, आणि त्याचे माप घेऊन काकांकडे जायचे आहे.